चार मिलिग्रॅमचं भांडण

एसीच्या रिमोटवरून माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो, हे मला त्या मंगळवारी कळलं. म्हणजे मीच गेले होते. माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा मुलगा (मुलगा म्हणायचं, तिशीचा आहे) रोज आल्याआल्या एसी १९ वर टाकतो. बाहेरून घामाघूम होऊन येतो, शर्टाची कॉलर मागे ओढतो आणि त्या झोताखाली दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावरचं ते सुख बघून खरं तर कुणालाही बरं वाटावं. मला मात्र बरोबर कंठाच्या खळगीत खवखव सुरू होते. आठवडाभर मी गप्प बसले. मंगळवारी उठले, त्याच्या टेबलावरचा रिमोट उचलला, २६ केलं, रिमोट माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि वर किल्लीही फिरवली. तो काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "तुला घाम येतो, माझा श्वास जातो. कुणाचं ऐकायचं ते सांग." कीबोर्डवरची सगळ्यांची बोटं थांबली. तो पडेल आवाजात "सॉरी मॅडम" म्हणाला आणि खाली मान घालून कामाला लागला. दिवसभर त्याच्या मानेवर घामाचे थेंब दिसत होते आणि मी ते न बघितल्यासारखं करत होते.

संध्याकाळी लिफ्ट बंद होती. चार मजले उतरून खाली आल्यावर आठवलं, मोबाइल टेबलावरच राहिला. नेमका तोच खाली भेटला. "बॅग द्या इकडे, मी थांबतो," म्हणाला. मी बॅग त्याच्या हातात दिली आणि झपाझप वर गेले. उशीर झाला होता, त्यामुळे दोन दोन पायऱ्या, तोंड उघडं. वर गेले, मोबाइल घेतला, खाली आले. तोवर सगळं ठीक होतं. त्याच्या हातातून बॅग घेणार, एवढ्यात पहिला ठसका लागला. मग दुसरा. मग ती ढास, जी लागली की माणूस आपला राहत नाही. मी कठड्याला धरून वाकले. बॅगेतला दम्याचा निळा पंप, लगेच आराम देणारा, काढायचा होता, पण बॅगेची चेन त्याला उघडता येईना. ती अडकते, एका ठरावीक जागी दाबून ओढावी लागते, आणि ते सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता. शेवटी त्यानं ती चेन हिसडून उघडली. दोन झुरके घेतले. पायरीवर बसले. हळूहळू छातीतली शिट्टी उतरत गेली. तो शेजारी अवघडून उभा होता. बराच वेळ गेल्यावर म्हणाला,

"मॅडम, पण एसी तर दिवसभर २६ वरच होता."

टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच प्रश्न पडला होता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, विसरूनही गेले असते. हा साधा प्रश्न मात्र रात्री उशीवर माझ्यासोबत आला आणि पुढचे कितीतरी दिवस गेला नाही.

आमच्या घरी माझ्या दम्याला नेहमी एक आरोपी लागायचा. रात्री तीन-साडेतीनला माझी छाती वाजायला लागली की आई उठायची. खरं तर मी खोकायच्या आधीच उठायची, कशी ते मला अजून कळलेलं नाही. ती माझ्या मांडीवर उशी ठेवायची, मला पुढे झुकवून त्यावर कोपरं टेकवायला लावायची आणि पाठीवरून हात फिरवत अंधारातच चौकशी सुरू करायची. खिडकी कुणी उघडी ठेवली? संध्याकाळी केस ओले होते का? गार पाणी कोण प्यायलं? उन्हातून आल्याआल्या पंख्याखाली कोण बसलं? "सर्दगर्म झालंय" हे तिचं निदान, आणि ते करायला तिला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. नव्वद टक्के वेळा आरोपी पंखा ठरायचा आणि पंख्याचे वकील म्हणून बाबा उभे राहायचे. त्यांना उकाडा अजिबात सोसायचा नाही. "एकवर तर होता गं," असं पुटपुटत ते उठायचे, बटण बंद करायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. सकाळी त्यांचा बनियन पाठीला चिकटलेला असायचा. उशीच्या अभ्र्यावर डोक्याच्या आकाराचा ओला डाग. मला त्याचं तेव्हा काही वाटायचं नाही. वडील म्हणजे रात्री घाम येणारा माणूस, इतकं ते नेहमीचं होतं.

आईचं निदान तिच्या मनचं नव्हतं, हे बऱ्याच वर्षांनी कळलं. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला तमकश्वास म्हणजे जवळजवळ आपला दमाच. त्याचं वर्णन वाचताना अंगावर काटा आला. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो, आडवं झालं की जीव घाबरतो, उठून बसलं की आराम वाटतो, आणि रुग्णाला उष्ण ते हवंसं वाटतं. म्हणजे आमच्या घरातली ती साडेतीनची वेळ, ती मांडीवरची उशी, सगळं कुणीतरी आधीच बघून ठेवलं होतं. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरानं १६९८ मध्ये दम्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. तो स्वतःच दमेकरी होता, त्यामुळे हवामान, ऋतू आणि आपली छाती यांचा हिशेब त्यानं आतून मांडला. गंमत म्हणजे हाच माणूस थंड पाण्याच्या आंघोळीचा कट्टर प्रचारक होता. आईला हे सांगायला हवं होतं. तिनं त्याचीही चौकशी लावली असती.

पण मला हवा होता तो आकडा. १९ आणि २६ यांच्यात नेमका किती फरक असतो? कारण मी त्या फरकासाठी एका माणसाला चारचौघांत ओरडले होते.

श्वासाची गोष्ट तापमानाची जितकी, तितकीच पाण्याची आहे. बाहेर हवा कशीही असो, फुप्फुसाच्या तळाशी ती पोचते तेव्हा ३७ अंशांची आणि पाण्याच्या वाफेनं पूर्ण भरलेली असावी लागते. अशा एक लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. हवा जितकी गार, तितकी तिची पाणी धरायची ऐपत कमी. शून्य अंशाला ती काठोकाठ भरली तरी लिटरमागे जेमतेम ५ मिलिग्रॅम. म्हणजे उरलेलं पाणी, आणि ते वाफ करायला लागणारी ऊब, आपण आपल्या पदरची घालतो. नाक हे काम इतकं मुकाट्यानं करतं की ते चोंदल्याशिवाय त्याची आठवण येत नाही. आतल्या त्या वळणदार पडद्यांवरून जाता जाता हवा गरम होते, ओली होते, आणि बाहेर जाताना त्यातलं थोडं पाणी नाक परत ठेवूनही घेतं. काटकसरी गृहिणीसारखं. बाकीचं जातं. थंडीत पहाटे खिडकीच्या काचेवर फुंकर मारली की जो पांढरा डाग उमटतो, तो या उधळपट्टीचा पुरावा. लहानपणी मी त्यावर बोटानं घर काढायची. घराला धुराडं काढेपर्यंत भिंती पुसट व्हायच्या. ते माझ्याच श्वासनळ्यांतलं पाणी होतं, हे कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित जपून फुंकलं असतं.

तर हिशेब असा. १९ अंशांची हवा, त्यात निम्मी आर्द्रता धरली तर लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम पाणी. २६ अंशांची, तशीच निम्मी दमट, तर १२. पहिल्या हवेला मी माझ्या पदरचं ३६ मिलिग्रॅम देणार, दुसरीला ३२. आमचं भांडण चार मिलिग्रॅमचं होतं. तेही खुर्चीत बसून, नाकानं, मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेत असताना. एवढा भार नाक हसत हसत उचलतं.

झोत थेट तोंडावर येत असेल तर मात्र गोष्ट थोडी वेगळी, हे माझ्या बाजूनं सांगायलाच हवं. चेहऱ्याच्या कातडीला आणि नाकाला गारवा झोंबला, तर तिथल्या नसांचा निरोप मेंदूत जातो आणि मेंदूकडून श्वासनळ्यांना "आवळा" असा हुकूम येऊ शकतो. हवा आत न जाताही. त्यामुळे थंडीत नाकातोंडावर मफलर गुंडाळण्याचे फायदे दोन आहेत. चेहरा झाकला जातो, आणि बाहेर टाकलेल्या श्वासाची ऊब नि ओल मफलरमध्ये अडकून पुढच्या श्वासाला मिळते. आई हे शास्त्र न शिकता करायची, फक्त गाठ इतकी घट्ट मारायची की दम्याआधी गळफास लागेल असं वाटायचं.

शाळेतली एक शर्यत आठवते. हिवाळ्यातली सकाळ, मैदानावर पांढुरकं धुकं. मी पळाले आणि तिसरी आले. पळताना काही झालं नाही. मैत्रिणी मिठ्या मारत होत्या, कुणीतरी मला उचललंही, आणि मग पाच-सात मिनिटांनी, सगळं शांत झाल्यावर, छाती आवळायला लागली. सरांना वाटलं, नाटक करते आहे. "पळताना बरी होतीस की!" ते वाक्य मी पुढे तीस वर्षं मनात बाळगलं, कारण माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पळताना बरी होते हे खरंच होतं.

उत्तर आहे. व्यायामानं येणारा दमा बहुधा व्यायाम थांबल्यावर, पाच ते पंधरा मिनिटांत, शिखर गाठतो आणि तास-अर्ध्या तासात आपला आपण ओसरतो. का, यावर दोन पक्ष पडले. अमेरिकेतले मॅकफॅडन म्हणायचे की खरी भानगड ऊब परत येण्याची आहे. जोरजोरात थंड हवा ओढली की श्वासनळ्या गार पडतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. पळणं थांबलं की गरम रक्त एकदम मुसंडी मारतं, वाहिन्या फुगतात, भिंत सुजते, वाट अरुंद होते. या माणसानं लोकांच्या श्वासनळ्यांत बारीक तापमापक सोडून आतली हवा कुठवर गार होते, ते मोजलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या सँड्रा अँडरसन यांचं म्हणणं वेगळं. गारवा दुय्यम, कोरडेपणा मुख्य. श्वासनळ्यांच्या आतल्या अंगावर द्रवाचा अगदी पातळ थर असतो. मोठ्या आणि मधल्या नळ्यांतला सगळा गोळा केला तरी लहान चमचा भरणार नाही. जोराच्या श्वासानं तो सुकतो, खारट होतो, आणि तो खारटपणा भिंतीतल्या मास्ट पेशींना सहन होत नाही. त्या आपल्याकडची हिस्टामिन, ल्युकोट्रायीन असली रसायनं सोडून देतात आणि नळीभोवतीचा स्नायू आवळतो. आज बहुतेक वजन अँडरसनबाईंच्या पारड्यात आहे. गरम पण कोरडी हवा ओढूनही त्रास होतो, हा त्यांच्या बाजूचा मोठा पुरावा. उलट पोहण्याच्या तलावावरची दमट हवा पुष्कळ दमेकऱ्यांना मानवते. माझा कल मात्र चोरून मॅकफॅडनकडे आहे, निव्वळ त्या शर्यतीमुळे. मैत्रिणींच्या मिठ्यांची ऊब लागली आणि मग छाती भरली, हे मला दुसऱ्या कुठल्या सिद्धांतात बसवता येत नाही. हे काही शास्त्र नव्हे, माहीत आहे.

आणि जिन्यावरही तेच. चार मजले, उघडं तोंड, मग थांबणं, मग ठसका. १९ नाही, २६ नाही. तो बिचारा बरोबर विचारत होता.

पण चार मजले मी एरवीही चढते. मागच्या उन्हाळ्यात तर रोज चढत होते. मग आताच का?

डॉक्टरांकडे गेले ते या प्रश्नाचं उत्तर मिळवायला नव्हे, तर एसीविरुद्ध चिठ्ठी मिळवायला. खरं सांगते. त्यांच्या सहीचा कागद भिंतीवर चिकटवायचा माझा विचार होता. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पीक फ्लोच्या, म्हणजे फुंकरीचा वेग मोजणाऱ्या नळीत तीनदा फुंकायला लावलं, आकडा बघितला आणि विचारलं, "रोजचा पंप किती दिवस बंद आहे?" चालू आहे का, असं नाही विचारलं. किती दिवस बंद आहे, असं. मी खाली बघितलं. दोन महिने. छान वाटत होतं, रात्री झोप लागत होती, निळ्याची तर आठवणही येत नव्हती. मग रोज सकाळ-संध्याकाळ ते स्टेरॉइड कशाला ओढायचं, असं वाटलं आणि एक दिवस चुकला, मग आठवडा, मग डबी औषधांच्या खणात मागे सरकली. "वहीत लिहिता ना आकडे? आणा बघू," म्हणाले.

वही होती. मी फार शिस्तीची नाही, पण ती वही मी आईच्या धाकानं सुरू केली आणि तिच्या मागेही चालू ठेवली. मिनिटाला किती लिटर वेगानं हवा बाहेर फेकता येते, एवढाच एक आकडा, सकाळचा आणि रात्रीचा. डॉक्टरांनी पानं उलटली आणि पेन्सिलीनं एका जागी रेघ मारली. मंगळवारच्या तीन आठवडे आधी. तिथवर सकाळचे आकडे ४०० च्या आसपास होते. तिथून ३९०, ३८०, ३६०, ३५०. रात्रीचे बरे, पण सकाळचे रोज थोडे खाली. मंगळवारी सकाळी ३२०. माझ्याच अक्षरात. तो आकडा लिहून, वही मिटून मी ऑफिसला गेले होते आणि रिमोट हिसकावला होता. रेघेच्या आदल्याच दिवशी कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "सर्दी, शिंका."

सर्दीची गोष्टही तापमानाशी येऊन भिडते. दमा उसळवणाऱ्या कारणांत सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस फार वरच्या जागी आहे. नाक शरीराच्या गाभ्यापेक्षा गार असतं, साधारण ३३ अंशांच्या आसपास, आणि या विषाणूला ते मानवतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर दाखवलं की ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना पेशींचा प्रतिकार दुबळा पडतो आणि विषाणूचं फावतं. थंडी बाधते असं आपण म्हणतो, त्यात इतकं तथ्य आहे. शिंका दोन दिवसांत गेल्या, पण खाली नळ्यांना लागलेली आग धुमसत राहिली. ती विझवायचं काम ज्याचं, तो पंप खणात मागे पडलेला.

आग हा शब्द मी उगीच वापरत नाही. डॉक्टर त्याला दाह म्हणतात, आणि तो दिसत नसला तरी खरोखर गरम असतो. दम्याच्या रुग्णांचा उच्छ्वास निरोगी माणसापेक्षा किंचित उष्ण असल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे, कारण सुजलेल्या भिंतीत रक्त जास्त खेळतं. लहानपणी आई माझ्या नाकाखाली बोटं धरून म्हणायची, "श्वास कढत लागतोय, आज जागवणार ही." मला ती तेव्हा भविष्य सांगणारी वाटायची.

आणि दाह असलेल्या नळीला निमित्त कोणतंही चालतं. निरोगी नळी ज्या गारव्याकडे ढुंकून बघत नाही, त्यानं ती आवळते. आधीच भिंत सुजलेली, आत चिकट कफ, त्यात स्नायू आवळला, तर गणित फार निर्दय आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. त्यातही श्वास घेताना छाती फुगते आणि नळ्या थोड्या ताणून उघडतात. सोडताना त्या मिटत येतात. म्हणून दमेकऱ्याचं दुखणं हवा आत न येण्यापेक्षा बाहेर न जाण्याचं जास्त असतं. हे ज्याला होत नाही त्याला समजावणं कठीण. छाती गच्च भरलेली असते आणि तरी माणूस हवेसाठी तडफडत असतो.

मला थंडीचा इतका राग होता की गरम हवेवर माझा कधी संशयच गेला नाही. पण २०१२ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सौम्य दमा असलेल्यांना चार मिनिटं ४९ अंशांची दमट हवा जोरात ओढायला दिली. त्यांच्या नळ्या आवळल्या, खोकला सुटला. निरोगी माणसांना फारसं काही झालं नाही. मज्जातंतूंचा हुकूम अडवणारं औषध आधी दिलं, तर दमेकऱ्यांनाही झालं नाही. म्हणजे उष्ण बाजूलाही तसाच एक पहारेकरी बसलेला आहे. उष्णता आणि मिरची दोन्हींनी चेतणारा एक संवेदक आपल्या मज्जातंतूंवर असतो, गारवा ओळखणारा वेगळा. याच शोधमालिकेसाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. गारव्याचा संवेदक मेन्थॉललाही फसतो. आई माझ्या छातीला आणि नाकाखाली बाम चोळायची, डोळ्यांतून पाणी यायचं आणि वाटायचं, आहा, मोकळं झालं. नाक तेवढंच चोंदलेलं असायचं. गार हवा आत येतेय असा निरोप फक्त मेंदूला पोचायचा. पण त्या खोट्या निरोपावर मी कितीदा तरी झोपले आहे, त्यामुळे बामाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

हवा बदलते तेव्हा सोबत काय काय घेऊन येते, हे सगळ्यात भयंकर रीतीनं मेलबर्नला दिसलं. २१ नोव्हेंबर २०१६. दिवसभर ३५ अंशांचा उकाडा, संध्याकाळी वादळ आलं, गार वारा सुटला, पारा धाडकन उतरला. लोक दारं-खिडक्या उघडून बाहेर आले असतील, मीही आले असते. काही तासांत हजारो माणसं श्वास कोंडून रुग्णालयांकडे धावली. दहा जण दगावले. त्यातल्या कितीतरी आजाऱ्यांना आधी दमा असल्याचं ठाऊकही नव्हतं, वसंतात शिंका येतात इतकंच. गवताच्या परागकणांचा तो मोसम होता. वादळाच्या ओलीनं कण फुटले, त्यांचे बारीक तुकडे झाले, आणि तो हवाहवासा गार झोत त्यांना जमिनीलगत, थेट नाकांच्या उंचीवर घेऊन आला. एरवी परागकण नाकातच अडकतात. हे तुकडे खोल गेले. लोकांना अंगावर जाणवली ती फक्त थंड झुळूक.

पंख्याचं काय मग? हा विचार मला डॉक्टरांकडून परतताना आला आणि मी चालता चालता थांबले. साडेतीनची वेळ. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला तळाला जातं, दाह आवरणारं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास तळाला असतं, आणि दम्याच्या नळ्या पहाटे चारच्या आसपास सगळ्यात अरुंद असतात. हे घड्याळ आतलं आहे. त्यात गार हवेचा थोडा वाटा असेल, नाही असं नाही. पण पंखा एकवर असो, पाचवर असो किंवा बंद, त्या काळात रोजचा पंप न घेणाऱ्या त्या पोरीची छाती साडेतीनला वाजणारच होती. "पंपाची सवय लागते" म्हणून आम्ही तो घेत नव्हतो. आणि बाबा वर्षानुवर्षं बिनपंख्याचे झोपले.

त्यांना हे सांगायला ते नाहीत. असते तरी "असू दे गं" एवढंच म्हणाले असते, आणि मला ते ऐकवलं नसतं.

रोजचा पंप पुन्हा सुरू केला. त्याचं काम निळ्यासारखं दोन मिनिटांत दिसत नाही. आठवडे जातात. घेतल्यावर चूळ भरावी लागते, नाहीतर घशात बुरशी धरते, म्हणून मी तो बेसिनपाशीच ठेवला आहे, ब्रशच्या शेजारी. निळा निम्मा वेळ हातात आणि निम्मा वेळ बॅगेत असं करत इतकी वर्षं काढली. २०१९ पासून तर दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात की नुसत्या निळ्यावर राहू नका. मी राहिले होते, आणि वर एसीला शिव्या देत होते. चिठ्ठी मी मागितली नाही. डॉक्टरांनी झोत तोंडावर येणार नाही अशी जागा बदलून घ्या म्हटलं, तेवढं केलं.

दुसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडून रिमोट त्याच्या टेबलावर ठेवला. तो दचकलाच. "नको मॅडम, राहू दे तुमच्याकडे." मी म्हटलं, "२४ कर. आणि ती झडप वर कर, माझ्याकडे वारा नको." त्यानं २५ केलं. मी काही बोलले नाही. दुपारी उठून मीच २४ केलं, त्याच्या मानेकडे बघून.

लिफ्ट अजून दुरुस्त झालेली नाही. संध्याकाळी आम्ही दोघं बरोबरच उतरतो, हे कधी ठरलं कुणास ठाऊक. दाराच्या आत, जिथे आतला गारवा संपतो आणि बाहेरचा उकाडा पायांना लागायला लागतो, तिथे मी थोडा वेळ थांबते. तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. त्याला पहिल्या दिवशी वाटलं, मी काहीतरी विसरले. आता तोही थांबतो. मोबाइल बघत, एका खांद्याला माझी बॅग. चेन मी अजून बदललेली नाही.

"जायचं?" त्यानं काल विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "अजून दोन मिनिटं."